कंपनीचा स्टिरिओ ठेवून ॲम्प जोडताना: सिग्नल, वायर आणि रिव्हर्सचा बीप

(बोललेला भाग जसाच्या तसा, फक्त अडखळणं आणि मागून येणारे रिक्षाचे हॉर्न काढून.)

गेल्या भागात मी सहज बोलून गेलो की गाडीतला कंपनीचा सेट न काढताही आवाज चांगला करता येतो. त्यावर प्रश्नांचा ढीगच पडला. बहुतेकांचं म्हणणं एकच: "दुकानवाला म्हणतोय आधी कंपनीचा सेट काढावा लागेल, नऊ इंची अँड्रॉइड बसवू. काढू का?" आज त्यावरच बोलू. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बीटेक करून कोड लिहितो. ऑडिओचं दुकान माझं नाही, त्यामुळे कुणाला काही विकायचंही नाही.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या वडिलांच्या पिढीच्या गाड्यांत स्टिरिओ बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम होतं. कारण डॅशबोर्डमधलं भोक सगळीकडे सारखं, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हे माप जर्मन मानकातून आलं, म्हणून त्याला आजही 'सिंगल डिन' म्हणतात. दुप्पट उंचीचं म्हणजे 'डबल डिन'. मागचा कपलरही बऱ्याच गाड्यांत ठरलेला असायचा. जुना ओढून काढायचा, नवा ढकलायचा, झालं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरलेला होता, आत कुणाचा माल आहे याच्याशी गाडीला देणंघेणं नव्हतं.

आता तसं राहिलं नाही. आता स्क्रीन डॅशबोर्डच्याच आकाराची येते. मागचा कॅमेरा तिच्यात, गाडीच्या सेटिंग्ज तिच्यात, काही गाड्यांत एसीचं तापमानसुद्धा तिच्यातच दिसतं. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही: बऱ्याच गाड्यांत पार्किंग सेन्सरचा बीप, इंडिकेटरची टकटक, सीटबेल्टची आठवण हे सगळे आवाज त्याच स्टिरिओतून, दाराच्या स्पीकरवर येतात. सगळ्या गाड्यांत नाही. काहींत मीटरमागे वेगळा बझर असतो. आपल्या गाडीत कुठून येतो ते आज संध्याकाळी घरी गेल्यावर तपासा. गाडी रिव्हर्सला टाका आणि कान दाराजवळ न्या, एवढंच.

हे मी का ताणून सांगतोय, त्याला कारण आहे. आमचे आप्पा. चादरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लूमवर काढली. सोलापुरात राहणाऱ्याला लूमचा आवाज समजावून सांगायची गरज नाही, पण बाहेरून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: शेडमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. लूमच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते, आणि कानात बोळे घालून काम करणारा माणूस त्या काळात विरळाच.

अशा आवाजाने कान जातात ते सरसकट जात नाहीत. आधी तीन ते सहा हजार हर्ट्झचा भाग जातो, चार हजाराच्या आसपास खड्डा पडतो. आप्पांच्या ऑडिओग्राममध्ये तो खड्डा लहान मुलालाही दाखवता येईल इतका स्पष्ट आहे. बोलण्यातला जाडपणा, म्हणजे स्वर, खालच्या भागात असतात. ते त्यांना नीट ऐकू येतात. पण स, श, त, फ ही व्यंजनं वरच्या भागात. म्हणून आप्पा नेहमी म्हणतात, "आवाज येतोय रे, शब्द कळत नाहीत." अक्कलकोटला जाताना गाडीत कीर्तन लावलं की ते आवाज वाढवत नेतात, आणि मागे बसलेली आई म्हणते, "अहो, जरा कमी करा की, डोकं उठलं."

तर आम्हाला धडधडणारा बेस नकोच होता. शब्द हवे होते. आणि दुसरी गोष्ट, आप्पा अजून गाडी चालवतात. डोळे चांगले आहेत. पण मान मागे वळत नाही, आणि आमचं घर बोळात आहे. बोळात पोरं खेळत असतात. आप्पांच्या रिव्हर्सचा भरवसा आरशावर आणि बीपवर. आमच्या गाडीत बीप स्टिरिओतून येतो.

दुकानात गेलो. नाव घेत नाही, काम चांगलं करतात लोक. त्यांनी नऊ इंची सेटचं कोटेशन दिलं. मी विचारलं, "भाऊ, रिव्हर्सचा बीप कुठून येणार?" तो म्हणाला, "दादा, एवढी मोठी स्क्रीन आहे की समोर! कॅमेऱ्यात सगळं दिसतंय, बीप कशाला पायजे?" इथेच माझं ठरलं, सेट काढायचा नाही.

आता तांत्रिक भाग. सेट ठेवायचा ठरवलं की पहिला प्रश्न, सिग्नल कुठून घ्यायचा? बाजारातल्या स्टिरिओला मागे आरसीए जॅक असतात, कंपनीच्या सेटला सहसा नसतात. उरतात त्या स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी. तिथून घेतलेल्या सिग्नलला दुकानात 'हाय लेव्हल' म्हणतात. आरसीएवर दोन ते चार व्होल्ट असतात, स्पीकरच्या वायरीवर आठ-नऊ व्होल्टपर्यंत जातात. पूर्वी मध्ये एक डबी लावून ते कमी करावं लागायचं. आता बरेच ॲम्प्लिफायर ती वायर थेट घेतात.

इथे एक धोका आहे. बहुतेक स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. आपल्याला वाटतं एक प्लस आणि एक अर्थ. तसं नाही. आतल्या चिपमध्ये ब्रिज असतो, एक बाजू वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते. दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट कायम असतात. त्यातली मायनस समजून कुणी बॉडीला टेकवली तर चिप गेली. आणि ती चिप म्हणजे आख्खी स्क्रीन. हिशोब करा मग.

ब्रिज आलाच आहे तर खोक्यावरच्या '५० वॉट गुणिले ४' चं गौडबंगालही सांगतो. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरा, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८. हा झाला '५० वॉट'. पण तो केव्हा? जेव्हा लाट पूर्ण चौकोनी होईल, म्हणजे आवाज पार फाटलेला असेल तेव्हा. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मेच, २६ वॉटच्या आत, आणि चिपमधलं नुकसान धरलं तर हाती अठरा-वीस. कंपनीचा सेट असो की बाजारातला, वेगळा ॲम्प नसेल तर गणित हेच. म्हणून फक्त सेट बदलून 'पॉवर वाढली' म्हणणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. स्क्रीन मोठी झाली, एवढंच.

दुसरी अडचण जरा लबाड आहे. कंपनीने स्वतःच्या हलक्या कागदी स्पीकरला जपण्यासाठी सेटमध्ये आवाजाची काटछाट करून ठेवलेली असते. कमी आवाजाला बेस भरपूर, आणि व्हॉल्यूम वाढवत नेला की बेस गुपचूप कमी. नाहीतर तो पाच-सहा इंची स्पीकर फाटेल. आता तुम्ही पुढे मोठा ॲम्प आणि सबवूफर लावला, पण सिग्नलमध्येच बेस नसेल तर सब काय वाजवणार? लोक म्हणतात, "वूफर लावलाय पण हायवेला वाजतच नाही." वूफर बरोबर आहे हो, त्याला वरून जेवणच येत नाही.

हे घरी तपासता येतं. पेन ड्राइव्हवर पिंक नॉइज टाका, म्हणजे तो धबधब्यासारखा एकसारखा खळखळाट. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकटचं ॲप घ्या, फोन हेडरेस्टजवळ धरा. व्हॉल्यूम १० ला आलेख बघा, २० ला बघा, २५ ला बघा. आलेख आहे त्याच आकारात वर सरकला तर सेट सरळ आहे. डावा भाग मागे राहिला तर काटछाट आहे. मग साधा ॲम्प पुरत नाही, डीएसपी असलेला ॲम्प लागतो. डीएसपी म्हणजे आत एक छोटा संगणक. येणारा सिग्नल आधी सपाट करायचा, मग आपल्याला हवा तसा आकार द्यायचा. मला तर हे काम फार ओळखीचं वाटलं. जुन्या सिस्टिमला हात न लावता तिच्यापुढे एक थर बसवायचा आणि तिच्या विचित्र सवयी तिथे निस्तरायच्या. ऑफिसात वर्षभर हेच करतोय मी.

ज्यांच्या गाडीत बोस, हार्मन किंवा सोनीची मोठी सिस्टिम कंपनीतूनच आहे, त्यांनी इथे थांबा. काही गाड्यांत ॲम्प वेगळा बसवलेला असतो, आणि सेटकडून त्याच्याकडे जाणारा सिग्नल डिजिटल असू शकतो. मग वायर टोचून काहीच मिळत नाही. ॲम्पच्या पुढे घ्यावा तर ट्वीटर वेगळा, वूफर वेगळा असे तुकडे झालेले असतात, ते परत जोडावे लागतात. तो प्रकार होत नाही असं नाही, पण त्याला अनुभवी माणूस आणि दुप्पट पैसे लागतात.

आमची गाडी मधल्या व्हेरियंटची. चार दारांत चार स्पीकर, ॲम्प सेटच्या आतच. त्यामुळे सोपं गेलं. गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा कपलरचा हार्नेस मागवला. सेटच्या मागचा कपलर काढायचा, मध्ये हा हार्नेस घालायचा, एकही वायर कापायची नाही. उद्या गाडी विकताना किंवा सर्व्हिसला नेताना दहा मिनिटांत सगळं मूळ जागी. वायर कापली की त्या भागाशी संबंधित वॉरंटीचा दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. विम्याचंही लक्षात ठेवा: बाहेरून बसवलेला महागडा सामान पॉलिसीत वेगळा सांगावा लागतो, नाहीतर चोरीला गेल्यावर त्याची भरपाई मागता येत नाही.

हार्नेस जोडल्यावर एका जुन्या मित्राच्या गाडीत वेगळीच गंमत झाली होती, तीही सांगतो. स्पीकर काढून फक्त ॲम्प जोडला, तर सेटने ते चॅनलच बंद केले. काही सेट पुढे स्पीकर आहे की नाही हे स्वतः तपासतात. ॲम्पच्या इनपुटचा रोध फार जास्त, त्यामुळे सेटला वाटतं वायर तुटली. तिथे स्पीकरच्या जागी एक रेझिस्टर लावून सेटची समजूत घालावी लागते.

आता बीपकडे येऊ. यात मी सगळ्यात जास्त वेळ घातला.

नवा ॲम्प सेटबरोबर चालू कसा व्हायचा? बाजारातल्या सेटला त्यासाठी निळी-पांढरी रिमोट वायर असते. कंपनीच्या सेटला बहुधा नाही. म्हणून ॲम्प बनवणारे दोन युक्त्या देतात. एक, स्पीकरच्या वायरीवरचे ते सहा व्होल्ट दिसले की ॲम्प चालू. दोन, गाण्याचा सिग्नल आला की ॲम्प चालू, आणि थोडा वेळ शांतता असली की झोपला. गाण्यासाठी दोन्ही ठीक. पण बीपच्या दृष्टीने बघा. आप्पा देवळातून निघाले, रेडिओ बंद. ॲम्प झोपलेला. रिव्हर्स टाकला, सेटने बीप पाठवला, ॲम्प जागा व्हायला एक-दोन सेकंद. तेवढे बीप गिळले गेले. आणि नेमके पहिलेच बीप महत्त्वाचे. आपल्या घरातल्या लिफ्टएवढ्या बोळात दोन सेकंदांत गाडी मीटरभर मागे आलेली असते.

म्हणून आम्ही ॲम्पची रिमोट वायर फ्यूजबॉक्समधून, चावीबरोबर चालू होणाऱ्या लाइनवर घेतली. चावी फिरवली की ॲम्प जागा, सेट काही करो. दुकानातला पोरगा म्हणाला, "बॅटरी उतरंल की दादा." नाही उतरत, चावी काढली की बंद. सहा व्होल्टवाली युक्तीसुद्धा चालू शकते, पण तुमच्या सेटमध्ये ऑडिओ बंद केल्यावर ते व्होल्ट टिकतात का, हे मीटर लावून बघितल्याशिवाय भरवसा नको. काम पूर्ण झालं की पैसे देण्याआधी एवढी परीक्षा घ्याच: आवाज पूर्ण बंद करा, पाच मिनिटं नुसते बसा, मग रिव्हर्स टाका. पहिला बीप ऐकू आला पाहिजे. दुसरा नाही, पहिला.

बीपची दुसरी भानगड गेनची. ॲम्पवरचा गेनचा स्क्रू म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. दुकानवाले तो उजवीकडे फिरवून ठेवतात, म्हणजे ८ वर व्हॉल्यूम ठेवला की दणका बसतो आणि गिऱ्हाईक खूश. पण बीपची पातळी सेटने ठरवलेली असते, तुमच्या व्हॉल्यूमच्या बटणाशी तिचा फारसा संबंध नसतो. गेन वाढवला की बीप कानठळ्या बसवणारा होतो, आणि मग लोक सेटिंगमध्ये जाऊन बीपच कमी करून ठेवतात. उलट, गेन फार कमी ठेवून गाणं ३० वर ऐकायची सवय लागली तर बीप गाण्याखाली दबतो. आम्ही गेन असा लावला की कंपनीच्या १५ वर पूर्वी जेवढा आवाज होता तेवढाच आता यावा. बीपही जिथे होता तिथेच राहिला.

मग डीएसपीमध्ये दोन ते चार हजार हर्ट्झचा भाग तीन डेसिबलने उचलला, आणि दोनशेच्या आसपासचा दाराचा घुमारा कमी केला. जास्त उचलायचा मोह झाला नाही असं नाही, पण ज्या कानाला आधीच इजा आहे त्याला त्याच भागात आणखी मारा करणं बरोबर नाही. कानाच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, आणि हेही की हा काही श्रवणयंत्राला पर्याय नाही. पुढच्या दारांत चांगले कंपोनंट स्पीकर बसवले, दाराच्या पत्र्याला डॅम्पिंगच्या शीट लावल्या. खरं सांगू? स्पीकरपेक्षा शीटने जास्त फरक पडला. दार म्हणजे स्पीकरची पेटी. पेटीलाच भोकं असतील तर शब्द कुठून स्वच्छ येणार? फक्त दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार गंजेल. सगळा खर्च ३२ हजारांच्या आत बसला. अँड्रॉइडचं कोटेशन त्याच्या आसपासच होतं.

वीज आणि वायर थोडक्यात, पण हे हसण्यावारी नेऊ नका. ॲम्पची मुख्य वायर थेट बॅटरीवरून येते आणि फ्यूज बॅटरीपाशीच हवा, वीतभर-दोन वीत अंतरावर. ॲम्पजवळ लावलेला फ्यूज ॲम्प वाचवतो, वायर नाही. बॅटरीपासून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर गाडीच्या थरथरीने साल घासत जाते, आणि ज्या दिवशी तांबं पत्र्याला लागेल त्या दिवशी फ्यूज मागे असून काही उपयोग नाही. गाडी पेटते ती अशी. वायर तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला जाड आणि स्वस्त, पण त्याच जाडीत करंट बराच कमी नेते. टोक चाकूने खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा. आणि समोरच्या खांबात ट्वीटर बसवायला ड्रिल लावू देऊ नका. तिथे पडद्याची एअरबॅग असू शकते. पिवळा कपलर किंवा पिवळी वायर दिसली की हात मागे.

आता ज्यांना स्क्रीन बदलायचीच आहे त्यांच्यासाठी. स्टिअरिंगची बटणं जुन्या पद्धतीत नुसत्या रोधावर चालायची, प्रत्येक बटणाला वेगळा ओहम. नव्या गाड्यांत ती संदेश पाठवतात, बऱ्याचदा कॅन बसवर. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत, एका जोडवायरीवर सगळी कंट्रोल युनिटं बोलतात. मूळ रचनेत एका संदेशात जास्तीत जास्त आठ बाइट. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि सहसा गुपित. अँड्रॉइड सेटबरोबर येणारी 'कॅन बॉक्स' नावाची डबी म्हणजे कुणीतरी ऐकून-ऐकून लिहिलेला दुभाषी. तुमच्या मॉडेलचा नीट असेल तर बटणं, दारं, सेन्सर सगळं चालतं. नसेल तर व्हॉल्यूमचं बटण दाबल्यावर गाणं बदलतं.

आणि या बसवर 'हा संदेश कुणी पाठवला' याची मूळ रचनेत काही खातरजमा नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोघांनी जीप चेरोकीच्या स्टिरिओतूनच इंटरनेटवरून आत शिरून चालत्या गाडीचा ताबा घेऊन दाखवला. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. तुमच्या नऊ इंची सेटने असंच होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या सेटला पुढची चार वर्षं एकही अपडेट येणार नाही, त्यात सिम घालून तो गाडीच्या बसला जोडायचा का, हे मी माझ्यापुरतं 'नाही' ठरवलंय.

शेवटचा प्रश्न होटगी रोडवरच्या एका श्रोत्याचा: "ॲम्प सीटखाली ठेवला तर आपल्या उन्हाळ्यात टिकंल का?" टिकतो, जागा बघून. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. क्लास डी घ्या, तो कमी तापतो. कार्पेटवर आडवा टाकू नका, खाली पट्ट्या देऊन बोटभर हवा खेळू द्या, आणि मागच्या एसीचा झोत सीटखाली येत असेल तर त्याच्या वाटेत ठेवा. जास्त तापला तर ॲम्प स्वतः बंद होतो, थंड झाला की परत चालू. आमच्याकडे एकदाही झाला नाही, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभी असलेली गाडी काढताना आप्पांना सांगून ठेवलंय: आधी काचा खाली, दोन मिनिटं एसी, मग रिव्हर्स टाका आणि पहिला बीप आला का बघा. नाही आला, तर मला हाक मारा, मी मागे उभा राहतो.